निळ्या गाऊनची गंधप्रत

आमच्या शाळेत सहल ठरली की आधी धुलाई सुरू होते. कुठे जायचं, काय बघायचं हे नंतर. आधी गणवेश धुवा, दप्तर धुवा, बूट पुसा, नखं कापा. विद्यापीठाच्या विज्ञान महोत्सवाला सातवीचा वर्ग न्यायचं ठरलं तेव्हाही मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर माइक हातात घेऊन हेच सांगितलं. "सोबत न्याल ती वस्तू न वस्तू स्वच्छ पाहिजे. माळेवाडीची पोरं म्हणून कुणी नाक मुरडता कामा नये."

मी शेळके बाई. मराठी शिकवते. सहलीत माझं काम मुलं मोजायचं आणि उलटी होणाऱ्यांना खिडकीशी बसवायचं. विज्ञानातलं मला जे काही कळतं ते तोडकर सरांच्या कृपेने, कारण शिक्षकांच्या खोलीत आमची टेबलं शेजारी आणि चहा एकाच थर्मासमधला. सुहास तोडकर हा किडकिडीत, हट्टी आणि अत्यंत प्रेमळ माणूस. त्यांचा वर्गात एकच नियम होता, जे दिसलं तेच लिहायचं. प्रयोगवहीत पोरं गाइडमधली उत्तरं उतरवतात हे कुणाला ठाऊक नाही? मास्तरही टिक करून मोकळे होतात. तोडकर सर होत नसत. पाणी शंभर अंशांना उकळतं असं पुस्तकात आहे; आमचं गाव पठारावर, तिथे ते अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. वहीत शंभर लिहिणाऱ्याला सर भोपळा द्यायचे. "पुस्तकाला भिऊ नका, मलाही भिऊ नका. डोळ्यांना जे दिसलं ते सांगा," असं म्हणायचे.

हा नियम सगळ्यांत जास्त कुणाच्या अंगात भिनला असेल तर तबस्सुम मुलाणीच्या. शाळा तपासायला साहेब आले होते आणि पोषण आहार चाखून वा वा करत होते, तेव्हा ही उभी राहून म्हणाली, "सर, आज खिचडीत मीठच न्हाई." मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. तोडकर सर मात्र दिवसभर खुशीत होते.

तबस्सुमच्या शेजारी बसायची रेवा. सरांची मुलगी. शाळेत बापाला सर म्हणायचं आणि घरी बाबा, हे तिने पहिलीपासून इतकं पाळलं होतं की नवख्याला ते बापलेक वाटायचेच नाहीत. तबस्सुमचं घर सरांच्या घराला लागून होतं, त्यामुळे या दोघी शाळेत एकत्र आणि घरीही एकत्र. रेवाची आई स्नेहल तापाने गेली तेव्हा पोर जेमतेम बोलायला लागली होती. तिला आईचं काही म्हणता काही आठवत नव्हतं. फोटो होते, लग्नाचा व्हिडिओ होता. पण व्हिडिओतली नटलेली बाई आणि आपली आई यांचा तिला मेळ लागत नसे.

आता त्या यंत्राबद्दल सांगते. सरांनी मला सांगितलं तसंच सांगते, चुकलं तर चूक माझी.

प्रत्येक माणसाच्या अंगाला त्याचा असा एक वास असतो. घाम, कातडीवरचं तेल, त्यावर जगणारे जिवाणू, शिवाय जन्मतःच रक्तातून आलेलं काहीतरी, अशा शेकडो पदार्थांची ती सरमिसळ असते. अंगावरच्या कपड्यात ती मुरते. यंत्रात अख्खा कपडा काचेच्या रुंद नळीत घालून हळूहळू तापवतात आणि वरून वायू सोडतात. धाग्यात अडकलेला कण न कण त्या वायूबरोबर निघतो आणि केसासारख्या बारीक, लांबलचक नळीतून धावतो. हलके पदार्थ आधी बाहेर पडतात, जड नंतर. कोण किती आला याची यंत्र नोंद ठेवतं. मग दुसरं यंत्र आपल्याजवळचे मूळ वास त्याच प्रमाणात मिसळून तोच वास पुन्हा तयार करतं. त्याला म्हणतात गंधप्रत. कृती एकदा मिळाली की हव्या तितक्या कुप्या भरता येतात. मूळ कपडा मात्र कोरा होतो. वाचन एकदाच.

शहरात याचं प्रस्थ चार-दोन वर्षांतच वाढलं होतं. माणूस गेलं की तेराव्याला कपडे वाटून टाकायच्या आधी एक कपडा गंधप्रतीला पाठवायचा, अशी रीतच पडली होती. सैनिकांच्या बायका नवऱ्याची कुपी उशाशी ठेवायच्या. परदेशी गेलेल्या मुलाचा वास घेऊन म्हातारी माणसं जेवायला बसायची. आमच्याकडे हे परवडणारं नव्हतं. पण महोत्सवात विद्यापीठाने प्रत्येक शाळेला एक वाचन फुकट ठेवलं होतं. एका शाळेला एकच.

तो मान कुणाला द्यायचा हे वर्गाने ठरवायचं होतं. तबस्सुम उठली आणि म्हणाली, "रेवाच्या आईला." एकानेही दुसरं नाव घेतलं नाही. पोरं भांडतात, पेन चोरतात, पण कधीकधी असं काही करतात की आपणच गप्प होतो.

सर मात्र दोन-तीन दिवस अस्वस्थ होते. स्नेहलच्या साड्या तेराव्यालाच बहिणींनी, भावजयांनी नेल्या होत्या. राहिला होता एक निळा, विटका गाऊन. घरातल्या जुन्या गाऊनला कोण हात लावतंय? तो सरांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवला होता. वर्षातून एकदा, तिच्या तिथीला, गाठ सोडायची, एकदा वास घ्यायचा आणि पुन्हा बांधून ठेवायची.

"दर वर्षी थोडा कमी होतो, बाई," ते मला म्हणाले. "आणि माझ्याशिवाय तो वास ओळखणारं आता कुणी नाही. जिजींचं नाक करोनात गेलं ते परत आलंच नाही." जिजी म्हणजे स्नेहलची आई, ती सरांकडेच राहायची.

"मग द्या ना यंत्राला. कायमचा राहील."

"तेच करणार आहे. फक्त कपडा जाईल, याचं वाईट वाटतं."

आदल्या दिवशी त्यांनी पिशवी रेवाच्या हातात दिली. आईला तूच घेऊन चल, म्हणाले. पिशवी उघडू नकोस, इतकंच बजावलं.

महोत्सवाच्या दिवशी आमची बॅटरीवरची बस पहाटेच निघाली. फेब्रुवारीतच ऊन असं पेटायचं की दुपारी डांबर चिकटायचं. विद्यापीठाच्या आवारात मांडवच मांडव होते. कुठे पाण्यावर धावणारं इंजिन, कुठे कांद्याचं रोप बोलतंय, कुठे मोठाली भिंगं. मुलं हरखून गेली. रेवा कशाकडेच बघत नव्हती. ती पिशवी पोटाशी धरून चालत होती आणि तबस्सुम तिच्या पुढे गर्दीतून वाट काढत होती.

गंधप्रतीच्या दालनात बनसोडे नावाची तरुण संशोधक होती. पंचविशीची असेल. तिने मुलांना सोप्या शब्दांत सगळं सांगितलं, मग हातमोजे घालून पिशवीची गाठ सोडली. गाऊन बाहेर काढला आणि जरा थांबली. गाऊनला इस्त्री होती. घड्या नीट, अगदी धारदार.

मी सरांकडे पाहिलं. सर गाऊनकडे बघत होते.

बनसोडेबाईंनी गाऊन गुंडाळून नळीत घातला. पडद्यावर रेघ सरकू लागली. एक उंच टोक आलं, मग दुसरं. मग रेघ आडवी झाली ती आडवीच राहिली. बाईंनी दोन बटणं दाबून पाहिली. मग हळूच विचारलं, "हा धुतला होता का?"

"हो!" रेवा अभिमानाने म्हणाली. "मीच धुतला. जिजीने कपाटात डांबरगोळ्या टाकलेल्या ना, त्यांचा वास पिशवीबाहेरही येत होता, म्हणून उघडली. तो यंत्रात गेला असता तर आईचा वास बिघडला असता. सरांनी वर्गात सांगितलंय, पोलिसांचा कुत्रा धुतलेल्या कपड्यावरूनसुद्धा माणूस शोधतो. आपला वास धुतला तरी जात नाही."

खरंच सांगितलं होतं त्यांनी. कुत्र्यांची गोष्ट रंगात येऊन सांगताना मी खिडकीतून ऐकलं होतं. पण दहा-अकरा वर्षं विरत आलेला, पिशवीच्या तळाशी उरलेला वास, आणि त्यावर साबण. सरांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. बनसोडेबाईंनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"आईचा वास आहे ना आत?" रेवाने विचारलं.

"आहे," सर म्हणाले.

बनसोडेबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. शास्त्रज्ञ बाई, तिला पडद्यावर स्वच्छ दिसत होतं. पण ती बोलली नाही. तिने यंत्राला वाचलेलं छापायला सांगितलं. यंत्रात दयामाया नसते आणि खोटेपणाही नसतो. जे वाचलं ते त्याने छापलं. तो वास शिंपडलेली कागदाची एक पांढरी पट्टी बाहेर आली.

रेवाने ती नाकाशी धरली आणि डोळे मिटले. किती वेळ ती तशीच होती. मग सगळ्यांच्या देखत, पहिल्यांदाच शाळेच्या गणवेशात असताना, ती म्हणाली, "बाबा, आई अशी होती?"

"अशीच," सर म्हणाले. "अगदी अशीच होती."

रेवा रडली, हसली, पुन्हा तिने पट्टी हुंगली. मग औदार्याने तिने ती पहिल्यांदा तबस्सुमला दिली. तबस्सुमने वास घेतला, कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा घेतला.

"सर, ह्यो तर साबणाचा वास हाय. आमच्या घरचाच साबण. लिंबाचा."

रेवाने सरांकडे पाहिलं.

"तुला काय कळतं गं?" सर ओरडले. "तू पाहिलं होतंस तिला? कळत नाही तिथे तोंड उघडायचं नाही!"

मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढली, पण त्यांचा आवाज असा चढलेला कधी ऐकला नव्हता. तबस्सुमच्या हातातून पट्टी गळून पडली. रेवाने ती उचलली, झटकली आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "अगं, आई रोज कपडे धुवायची ना. मग तिच्या अंगाला साबणाचा वास येणारच की."

मी तबस्सुमला बाहेर घेऊन गेले. नळावर तोंड धुवायला लावलं.

"बाई, माझं काय चुकलं?"

"काही नाही. तुझं नाक बरोबर आहे," मी म्हटलं. "पण आज गप्प राहा. रेवासाठी."

तिने मान हलवली. मग कितीतरी वेळ नळाखाली हात धरून ती उभी राहिली. मला वाटलं, ओरडा बसला म्हणून.

परतीच्या वाटेवर बस चार्ज करायला एका ढाब्यावर थांबली. मुलं उसाचा रस प्यायला पांगली. सर बाकावर एकटेच बसले होते, मी शेजारी जाऊन बसले.

"पोरीला खरं का नाही सांगितलंत?"

"काय सांगू, बाई? तुझ्या आईचं जगात जे शेवटचं उरलं होतं ते तू आपल्या हातांनी धुऊन टाकलंस? आयुष्यभर ती ते हात बघत बसली असती." त्यांनी डोळे पुसले. "आणि धुतलं कुणामुळे? मीच म्हणालो होतो, वास जात नाही."

मी विचारलं, "तुम्हाला तर आठवतो ना?"

त्यावर त्यांचा चेहरा मऊ झाला. "आठवतो तर. ज्वारीच्या पिठाचा, थोडा धुराचा, तिचं तिळाचं तेल, आणि मानेपाशी जरा आंबूस, ताकासारखा. तुम्हाला हसू येईल."

मला हसू आलं नाही.

"फक्त एक भीती आहे," ते म्हणाले. "आठवण म्हणजे कपाटातली वस्तू नव्हे, की काढली, बघितली, परत जशीच्या तशी ठेवली. दर वेळी आठवताना मेंदू ती नव्याने लिहितो. आणि लिहिताना आसपासचं जे असेल ते त्यात मिसळतं. वासाच्या बाबतीत तर फारच." मग बसचा भोंगा वाजला आणि मी मुलं मोजायला उठले.

विद्यापीठाने रेवाला एक कुपी भरून दिली होती आणि कृती जपून ठेवली होती. कुपी संपली की नवी टपालाने यायची. रेवाने ती उशीला लावली, ओढणीला लावली, दप्तराच्या पट्ट्याला लावली. तिचा अभ्यास सुधारला, रात्रीचं दचकणं थांबलं. जिजी मला देवळात भेटली की सांगायची, "पोर लई सुखात हाय बघा. मला काय वास येत न्हाई, पर तिच्या तोंडाकडं बघून कळतं." रोज संध्याकाळी सर घरी आले की रेवा ओढणी त्यांच्या नाकाशी धरायची. "बाबा, घ्या ना वास. आली ना आई?" आणि सर रोज डोळे मिटून वास घ्यायचे आणि रोज म्हणायचे, "आली."

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. तबस्सुम रेवाच्या शेजारी बसेनाशी झाली होती. शेवटच्या बाकावर गेली होती. खिचडीत मीठ कमी असलं तरी मुकाट्याने खायची.

पावसाळ्यानंतर सहामाहीची प्रात्यक्षिकं आली. सरांना मुख्याध्यापकांचा निरोप द्यायला मी प्रयोगशाळेच्या दाराशी पोचले तेव्हा तबस्सुमची पाळी चालू होती. बाकीची मुलं संपवून गेली होती. भांड्यात पाणी खळखळत होतं.

"किती?" सरांनी विचारलं.

तिने तापमापी पाहिली, मग सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "शंभर."

"नीट बघ."

तिने परत पाहिलं नाहीच. खाली मान घालून म्हणाली, "सर, किती पायजे?"

सरांनी शेगडी बंद केली. स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"तबस्सुम, त्या दिवशी तू खरं बोललीस. खोटं मी बोललो. तो साबणाचाच वास होता. तुझ्यावर मी उगाच ओरडलो. मला माफ कर."

मला वाटलं, पोरीच्या तोंडावर आता जरा उजेड येईल. पण ती हमसाहमशी रडायला लागली.

"मला म्हाईत हाय, सर. मीच पाणी ओतत हुते. साबण बी मीच आणला आमच्या घरनं. रेवा म्हणली, नुसतं पाण्यातनं काढू. मीच म्हणले, डांबरगोळी अशी जायची न्हाई, साबण लाव." ती हुंदके देत होती. "आईचा वास आपल्या साबणानं गेला, ह्ये यंत्राजवळ मला कळलंच न्हाई. नळावर हात धुताना कळलं. रेवाला न्हाई सांगितलं मी. कवाच न्हाई सांगणार."

आपल्या लेकीला ज्या ओझ्यापासून वाचवायला सरांनी जन्माचा नियम मोडला, ते ओझं ही दुसरी लेक सहलीपासून एकटी वाहत होती. आणि वरून त्यांनीच तिला तोंड उघडू नको म्हणून दरडावलं होतं. मी दारातच उभी राहिले, आत जायचं धाडस झालं नाही.

"अगं, त्यात काही उरलंच नव्हतं," सर घाईघाईने म्हणाले. "जुना कपडा. वास कधीच उडून गेला होता. तुम्ही धुतला काय, न धुतला काय."

तबस्सुमने नाक पुसलं आणि सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "खरंच, सर? जे दिसलं तेच सांगताय ना?"

सरांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मग हात काढले.

"नाही," ते म्हणाले. "होता. थोडा होता. मागच्या तिथीला मी घेतला होता. पण तो तुमच्यामुळे गेला नाही. धुतलं तरी वास जात नाही असं मी शिकवलं. मास्तर चुकला, तुम्ही नाही. मी सांगितलं म्हणून तुम्ही केलंत. हे खरं आहे. हे मी कुठेही लिहून देईन."

तबस्सुम बराच वेळ त्यांच्याकडे निरखून बघत राहिली आणि मग तिने मान हलवली. तिला ते पटलं असावं, कारण तिचं रडणं हळूहळू थांबलं. सरांनी तिला आपला रुमाल दिला. तिने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि मुलं विचारतात तसं सहज विचारलं,

"कसा हुता, सर? रेवाच्या आईचा वास?"

सरांनी डोळे मिटले. मला ढाब्यावरचा बाक आठवला. ज्वारीचं पीठ, धूर, तिळाचं तेल, ताक. माझ्या अगदी ओठांवर आलं. पण ते नुसते शब्द होते, आणि माझ्या शब्दांना वास नव्हता.

सर डोळे मिटून श्वास घेत राहिले. एकदा, पुन्हा एकदा. कपाळावरची शीर फुगली. बाहेर मैदानात रेवा मैत्रिणींबरोबर खो-खो खेळत होती, तिचं ओरडणं ऐकू येत होतं.

त्यांनी डोळे उघडले. तबस्सुम उत्तराची वाट बघत होती.

"साबणाचा येतोय," सर म्हणाले. "लिंबाच्या."